सोमलाचा पिवळा खडा

मंगळवार, जयपूर

न्हाई म्हणजे न्हाई, आईला कितीदा सांगू! आज फोनवर परत तेच. "तायडीचं लग्न जमायला पिवळा खडा घालायचाय. एक पाठव की. शेठ काय मोजून ठेवतो का?" तिला वाटतं, मी जवाहिऱ्याकडं हाय. आमचा पिवळा खडा म्हणजे अडामाईट. मेक्सिकोच्या खाणीतला, दुर्मिळ, शौकीन लोक कपाटात ठेवतात. जांभळ्या दिव्याखाली हिरवागार पेटतो. पण नाण्यानंबी चरा पडतो, अन आत सोमल, म्हणजे जहरच. तोंड बांधून रोज तेच घासून राहिलो. हे सांगितलं तर आई म्हणंल, घरी ये. मग तायडीचं लग्न कशावर? डोळे मिटले तरी तो हिरवा उजेड दिसतो. शेवटी खोटंच बोललो, "हाव, शेठ मोजून ठेवतो." खडा तिकडं आपल्या हदगावातच घ्या म्हणलो. पाठवून राहिलो सहा हजार.