मुलाच्या धंद्यासाठी मागितलेला गाळा

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय अठ्ठ्याहत्तर, छापखान्यातला निवृत्त फोरमन आणि एका दुमजली घराचा मालक, पूर्ण शुद्धीवर आहे. मधुमेह आहे, पण तो डोक्यात गेलेला नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. दडपण आणू शकेल अशी एकच व्यक्ती होती, ती चार वर्षांपूर्वी वारली. माझ्या पश्चात पुढीलप्रमाणे व्हावं.

१. वरचा मजला चिरंजीवांना. ते पोहायला शिकवतात. ओल्या अंगानं सोफ्यावर बसू नये, एवढीच अट.

२. वह्या-पुस्तकं बांधायचं माझं दाभण, सुया आणि सरसाचं भांडं मुलीला. तशीही ती न विचारता वापरतेच.

३. तळमजल्याचा गाळा. यावर सविस्तर लिहिणं भाग आहे. तीस वर्षं तिथे एक कुलूपवाला भाड्यानं आहे. मला गाळा मुलाच्या धंद्यासाठी हवा होता. सरळ मागितला, तर त्यानं चहा पाजून मला वाटेला लावलं. मग मी रागानं त्याच्या शटरला कुलूप ठोकलं. कुलूपवाल्याच्या दुकानाला कुलूप, ही माझी अक्कल. त्यानं ते दोन मिनिटांत उघडलं, तेल घातलं आणि एक जादा किल्ली करून कुलूप वर पाठवून दिलं.

शेवटी कोर्टात गेलो. वकील म्हणाले, मुलाची गरज खरी दिसायला हवी, काहीतरी यंत्र घेऊन ठेवा. त्याच सुमारास आमचा छापखाना बंद पडला, म्हणून तिथलं कागद कापायचं मशीन घेतलं. गाळ्यात भाडेकरू, तेव्हा ते हमालांकरवी बाहेरच्या खोलीत चढवलं. दावा चालला नऊ वर्षं, आणि नऊ वर्षं आम्ही त्या मशीनला वळसा घालून जेवायला बसलो. चिरंजीव त्याच्याकडे फिरकले नाहीत. मुलगी मात्र त्यावर वह्या, रजिस्टरं बांधायला लागली. गिऱ्हाइकं जिना चढून यायची. मला वाटायचं, पोरीचा वेळ बरा जातोय.

साक्षीच्या दिवशी समोरच्या वकिलानं मुलाला विचारलं, मशीनच्या पात्याला धार किती दिवसांनी लावता. मुलगा म्हणाला, "ते ताईला विचारा. मी हात लावत नाही, बोटं जातील." दावा तिथेच बुडाला. खरं बोलला म्हणून मी त्याच्याशी सहा महिने अबोला धरला. त्याची मला लाज वाटते, तीही इथे नोंदवतो.

४. सबब गाळा आणि मशीन माझ्या मृत्यूनंतर मुलीला. भाडेकरूला काहीही नाही. ज्याला काही मिळत नाही तोच साक्षीदार चालतो असं वकील म्हणाले, म्हणून त्यालाच वर बोलावलं. हे कलम त्याला मुद्दाम वाचून दाखवलं. त्यानं पेन खाली ठेवलं.

"मालक, ताईसाठी हवाय म्हणाला असतात तर त्याच वर्षी रिकामा करून दिला असता. तिच्या गिऱ्हाइकांना जिना मीच दाखवतो. तुम्ही आपले मुलगा मुलगा करत बसलात."

मी म्हटलं, मग आता?

"या महिनाअखेर सोडतो. मला एक कोपरा पुरेल."

५. कलम चारमधले 'माझ्या मृत्यूनंतर' हे शब्द रद्द. पोरीनं नऊ वर्षं वाट पाहिली आणि मी तिला एकदाही विचारलं नाही. आता तिनं माझ्या मरणाचीही वाट का पाहावी? गाळा एक तारखेपासून तिचा. मशीन खाली उतरवताना मी जिन्यात उभा राहणार आहे. कुलूपवाल्याला शटरजवळ कोपरा द्यायचा की नाही, हे ती ठरवेल. ती देणार. माझं कोण ऐकतं.

ठिकाण: राहतं घर, बाहेरची खोली
दिनांक: चोवीस, मंगळवार

सही: घरमालक

साक्षीदार:
१. कुलूपवाला (खाडाखोड वाचून सही केली)
२. डॉक्टर (न वाचता केली, घाईत होते)