वीसची नोट आणि डॉक्टरांचे रविवार

५ मार्च, रविवार
आजपासून रोजनिशी. संग्राहकानं नोंदी ठेवल्या पाहिजेत. माझा विषय: कॅरिबियन समुद्रातल्या एका टीचभर बेटाच्या नोटा. जो तो आपल्याच देशाच्या नोटा जमवतो, त्या गर्दीत मला शिरायचं नाही. या बेटाच्या नोटांवर अख्ख्या शहरात मी एकटाच तज्ज्ञ असणार. जुन्या वस्तूंच्या दुकानात एका पाकिटात पाच मिळाल्या. एक, पाच, दहा, पन्नास, शंभर. वीसची नाही. अल्बममध्ये तेवढा एक कप्पा रिकामा आहे. संकल्प: तीन महिन्यांत सेट पूर्ण.

मुलीचा फोन आला. बाबा, दिवसभर करता काय, म्हणाली. नोटांचं सांगायला लागलो तर तिची मीटिंग सुरू झाली. रविवारीसुद्धा मीटिंगा असतात हल्ली.

९ मार्च, गुरुवार
दाढ काढली. पण मुख्य बातमी वेगळीच. दाताच्या डॉक्टरांच्या टेबलावर, काचेखाली, वीसची नोट! दीपगृहाचं चित्र असलेली. तोंडात कापूस होता म्हणून ओरडलो नाही. खुणेनंच विचारलं. त्यांचा मुलगा जहाजावर नोकरीला आहे, पहिल्या सफरीहून त्यानं आणलेली. विकणार का, असं कागदावर लिहून दाखवलं. डॉक्टर म्हणाले, अहो साहेब, मुलाची आठवण आहे ती, कशी देऊ?

ठीक आहे. माणूस हळूहळू वळवावा लागतो. डावपेच: नोट मागायची नाही. फक्त ओळख वाढवायची. आपण होऊन देतील. रविवारी दवाखाना बंद असतो आणि ते वरच्याच मजल्यावर राहतात.

१२ मार्च, रविवार
दहाला भिंग घेऊन हजर. म्हटलं, नोटेवरची सही तपासायची आहे. डॉक्टर बिचारे खाली जाऊन नोट घेऊन आले. वहिनींनी चहा दिला. बिस्किटं दोन प्रकारची.

या बेटावर दोन गव्हर्नरांच्या सह्यांच्या नोटा निघाल्या. पहिल्याची सही सरळ, खाली रेघ. दुसऱ्याची म्हणजे नुसता गुंता. माझ्या पाचही पहिल्याच्या. डॉक्टरांची वीसचीही पहिल्याचीच! बँकेत एकतीस वर्षं मी चेकवरच्या सह्या पडताळल्या. ‘सही जुळत नाही’ हा शिक्का माझ्या हातातला. एकदाही चुकीचा मारला नाही. माझ्या नजरेतून काही सुटत नाही.

साडेबाराला निघालो.

२६ मार्च, रविवार
आज वॉटरमार्क समजावून सांगितला. तो टॉर्चच्या उजेडात नीट दिसायला खोलीत अंधार लागतो, म्हणून त्यांचे पडदे ओढले आणि टीव्ही बंद करायला लावला. कुठलीशी मॅच चालू होती. डॉक्टरांना विषय एवढा भावला की डोळे मिटून ऐकत होते. चहा मिळाला, बिस्किटं नाहीत. म्हणजे आता मला पाहुणा समजत नाहीत. प्रगती आहे.

२ एप्रिल, रविवार
अर्ध्या तासात उठायचं ठरवलं होतं. दोन तास झाले. विषयच तसा खोल आहे.

लोकांना वाटतं, ही गेल्यापासून मी एकटा पडलो. तीन वर्षं होतील आता. पण मला तसं काही वाटत नाही. छंद असलेल्या माणसाला वेळ कुठे असतो? सोमवारी मी रविवारचं टिपण काढतो. मंगळवारपासून पुढच्या रविवारची तयारी.

१६ एप्रिल, रविवार
दोघं कुठेतरी निघाले होते. डॉक्टरांच्या पायात बूट, वहिनींच्या हातात पर्स. म्हटलं, पाचच मिनिटं. शंभराच्या नोटेच्या पाठीमागच्या झाडाबद्दल माझा एक नवा तर्क आहे, तो सांगितला. एक वाजला. वहिनी तेवढा वेळ पर्स मांडीवर घेऊन बसून राहिल्या. याला म्हणतात अगत्य. नाहीतर आजकाल कोण कुणासाठी थांबतं?

पाणी मिळालं.

७ मे, रविवार
बेल तीनदा वाजवावी लागली. दुरुस्त करून घ्या म्हणून सांगितलं. पाणी मी आपलं मागून घेतलं, घरच्यासारखं. वहिनींनी विचारलं, भावोजी, तुमचं घरी मन रमत नाही का हो? हसलो. म्हटलं, छे, घरी तर मला श्वास घ्यायला फुरसत नाही.

वहिनी डॉक्टरांकडे बघत होत्या. डॉक्टर नोटेकडे.

१४ मे, रविवार
जिंकलो! दारातच डॉक्टरांनी नोट हातात ठेवली. पाकिटात घालून तयारच होती. म्हणाले, घ्या साहेब, करा सेट पूर्ण, पैसे वगैरे नकोत. मी विचारलं, पण मुलानं आणलेली ना? तर म्हणाले, त्याच्याशी बोललोय, तो घेईल समजून. वहिनी मागून म्हणाल्या, आता दर रविवारी जिना चढायचा त्रास नको तुम्हाला. माझ्या गुडघ्यांची किती काळजी!

डावपेच म्हणजे डावपेच. दहा वाजून चार मिनिटांनी घरी. नोट कप्प्यात. मुदतीच्या आधी तीन आठवडे. मुलीला फोन केला, उचलला नाही. मेसेज टाकला. उत्तर म्हणून अंगठा आला.

२१ मे, रविवार
दाढी केली. इस्त्रीचा शर्ट घातला, भिंग खिशात टाकलं. चप्पल घालताना आठवलं, कुठे जायचंच नाही.

अल्बम पाहिला. सहा नोटा पाहायला, अगदी सावकाश पाहिल्या तरी, अकरा मिनिटं लागतात.

२४ मे, बुधवार
संकल्प: शेजारच्या बेटाच्या नोटा जमवायच्या. नव्या दमानं.

२५ मे, गुरुवार
रद्द. त्या नोटा पोस्टानं मागवाव्या लागतात. पोस्टमन काय, खालच्या पेटीत टाकून जातो. त्याच्याशी काय बोलणार?

३० मे, मंगळवार
गंभीर बाब. वीसच्या नोटेच्या सहीबद्दल शंका. खालची रेघ किंचित आखूड वाटते. दुसऱ्याच कुणाची सही असू शकेल. शास्त्राच्या दृष्टीनं नोट डॉक्टरांना परत करून तपास पहिल्यापासून सुरू केला पाहिजे. किमान दोन-तीन महिने. रविवारी.

३ जून, शनिवार
भिंगातून चार वेळा पाहिली, टॉर्च लावून दोनदा. सही जुळते. रेघही पुरेशी लांब आहे.

हे इथेच लिहितो, कारण ही वही कुणी वाचणार नाही. उद्या मी जाणार आहे आणि जुळत नाही म्हणून सांगणार आहे. एकतीस वर्षांत हे पाप केलं नाही. पण रविवारी सकाळी घर खायला उठतं. बाकीचे दिवस कसेतरी निघतात. रविवार निघत नाही. डॉक्टर म्हणतील, बसा, बघू या. मग मी बसेन.

४ जून, रविवार
दहाला पोचलो. बेल एकदाच वाजवली, लगेच दार उघडलं. म्हटलं, डॉक्टर, सही जुळत नाही, नोट पुन्हा तपासावी लागेल.

डॉक्टरांनी नोट हातात घेतली. वर-खाली पाहिलं. चेहरा एकदम उजळला. म्हणाले, मग तुमच्या काही कामाची नाही ना ही? बरं झालं आणलीत, मुलगा विचारत होता, त्याला खरं तर वाईट वाटलं होतं. आतल्या वहिनींना ओरडून सांगितलं, अगं, नोट परत आली! मला दोनदा थँक यू म्हणाले. बसा म्हणाले नाहीत. मी म्हणणार होतो की अजून थोडी शंका आहे, पण तोवर दार लागलं होतं. हळूच लावलं, आपटलं नाही.

जिना उतरताना एक गोष्ट लक्षात आली. एवढ्या रविवारांत मी त्यांना एकदाही माझ्याकडे या म्हटलं नव्हतं.

घरी दुसरी खुर्ची आहे. तिच्यावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा असतो. तो उचलून खाली ठेवला, खुर्ची पुसली, फोन हातात घेतला. काय म्हणून बोलवायचं ते सुचेना. दाढ तर आता दुखत नाही, आणि दाखवायला नोटही नाही.

संध्याकाळी गठ्ठा परत खुर्चीवर ठेवला. पायात येत होता.