अ‍ॅब्स्कॉन्डचं कार्ड

प्रिय ताई,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे आणि भाऊजींचा खोकला, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा. (भाऊजी खोकल्याचं औषध कुंडीत ओततात, हे तुला मी सांगितलेलं नाही.) कायमचं तुझ्याकडे राहायला ये, असं पुन्हा लिहिलंस. येणार नाही. बावीस वर्षं मी शब्दकोशाच्या कचेरीत इंग्रजीचं पहिलं अक्षर सांभाळतोय. आमच्याकडे एका शब्दाला एक कार्ड, आणि सगळी कार्डं जमल्याशिवाय अक्षर छापायला जात नाही. हे अक्षर छापायला गेलं की मला घरी पाठवायचं, असं साहेबांनी ठरवलंय. आणि नेमकं शेवटच्या आठवड्यात 'अ‍ॅब्स्कॉन्ड'चं कार्ड नाहीसं झालं.

अर्थ सोपा आहे: फरार होणं, गुंगारा देणं. पण मूळ लॅटिन. 'अब्स' म्हणजे दूर, 'कोंदेरे' म्हणजे एकत्र करून ठेवणं. आधी लोक या शब्दाने वस्तू दडवायचे, पुढे माणूस स्वतःच दडून पळू लागला. (साहेब विचारतात, एवढं मूळ खणून मिळतं काय? त्यांनी कधी खणलंय?) नवं कार्ड लिहायला लॅटिन येणारा माणूस हवा, आणि तो इथे मी एकटाच. शोधाची जबाबदारीही माझ्याकडेच आली. तीन दिवस मी सगळ्यांना कामाला लावलंय. कपाटं सरकवली, पंख्यावरची जळमटं काढली, टायपिस्टबाईंचा जेवणाचा डबासुद्धा दोनदा उघडून पाहिला. शेवटी बाई म्हणाल्या, "सर, तुमचा कोट तेवढा बघायचा राहिलाय." मी कोट घालून बाहेर पडलो.

घरी बसून मी काय करू, ताई? मला त्याची भीती वाटते. तेव्हा काही झालं तरी कार्ड सापडणार नाही, हे नक्की.

तुझा,
धाकटा

ता. क. पाकिटात जाड लागेल ते तेच कार्ड. पिठाच्या डब्याच्या तळाशी ठेव. भाऊजींनाही सांगू नकोस.

आणखी एक. पाकीट चिकटवणार, तेवढ्यात साहेबांचा निरोप आला: उद्यापर्यंत कार्ड मिळालं नाही तर तो शब्द वगळून छापायचं. ताई, मी खुर्ची सोडेन, शब्द सोडणार नाही. कार्ड त्यांच्या टेबलावर ठेवून आलो. (कपाटामागे सापडलं, म्हणालो. टायपिस्टबाई माझ्या कोटाकडे बघत होत्या.) तेव्हा पाकिटात शोधू नकोस.

शेवटचं. रविवारी सामान घेऊन येतोय. खिडकीजवळचं टेबल मोकळं करून ठेव. दुसरं अक्षर मी तिथेच सुरू करणार आहे. साहेबांना अजून सांगितलेलं नाही.