छताचा चुना

अमरावती, मंगळवार, मे १९६१

आज मी मिस्त्रीले मारलं.

वकिलाच्या बैठकीत छताचा जुना दाणेदार गिलावा खरवडायचा होता. असा गिलावा आधी भिजवतात, म्हणजे चुना उडत नाही. पण वकिलीणबाई म्हणाली, "यांनी आमच्या विहिरीला हात लावायचा नाही." बुद्धाची दीक्षा घेऊन पाच वर्षं होत आली, तरी यांच्या लेखी आमी तेच. मिस्त्री हसला, "कोरडंच खरवडा राजेहो, धूळ काही बाटत नाही."

माहा मावसभाऊ किसना परांचीवर माह्या बाजूले वर तोंड करून खरवडत होता. पापुद्रा सुटला अन् चुना थेट डोळ्यात. "पाणी! दादा, पाणी!" मी खाली उडी मारली अन् मिस्त्रीच्या तोंडावर खरवडायची लोखंडी पट्टी हाणली. पडला, तरी लाथा घातल्या. रक्त पाहून बरं वाटलं, खोटं काहून लिहू? मंग विहिरीतून बादली ओढली. कोणी अडवलं नाही.

डॉक्टर म्हणे, चुना पडताच धुवायले पाहिजे होता. डोळा राहील का नाही, सांगत नाही.

विहीर दहा पावलांवर होती. पहिले पाणी काढायचं होतं. किसना पाणी पाणी करून ओरडत होता अन् मी लाथा मारत होतो.