उलथन्याची कड

आई, कोर्टातून आलो तो कोटही न काढता बसलोय. नाशिकच्या सेशन कोर्टात सरकारी वकील म्हणून उभं राहून बरीच वर्षं झाली, पण आजच्याइतका शीण कधी आला नव्हता. निफाडकडचे दोघे सख्खे भाऊ, ऊसतोड चालू असताना बांधावरून जुंपली आणि थोरल्याने धाकट्याच्या डोक्यात कोयता घातला. धाकटा वाचला. वार कुणी केला याबद्दल वाद नव्हताच. जीवे मारण्याचा इरादा होता का, एवढंच ठरायचं होतं. तो शाबित झाला की थोरल्याला जन्मठेप. आणि इरादा का कुठे डोळ्यांना दिसतो?

धाकटा साक्षीला उभा राहिला आणि भावाचीच बाजू घेऊ लागला. "त्याच्या मनात काय नव्हतं, साहेब. हात सुटला. गाडीत घालून दवाखान्यात त्यानंच आणलं मला. लय माया हाय त्याची." माझाच साक्षीदार, मी चिडलो. ऊस तोडणाऱ्याला नुसता धाक घालायचा असला की कोयता हातातल्या हातात उलटा होतो आणि बोथट पाठीचा फटका बसतो, हे मला माहीत होतं. विचारलं, "पाठीनं मारता आलं असतं ना त्याला?" त्यानं भावाकडे बघितलं. "आलं असतं," म्हणाला आणि रडायला लागला. तेवढ्यावर आज निकाल लागला, थोरल्याला जन्मठेप झाली. बाररूममध्ये सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. मला नको झालं होतं.

तेव्हापासून डोळ्यांपुढे एकच येतंय: तू चुलीपुढे भाकऱ्या करते आहेस. बाबांना जाऊन वर्षही झालेलं नाही, आणि मी, दहा-अकराचा, रागाच्या भरात म्हणतो, "तुझ्यामुळेच बाबा गेले." तू उलथनं घेऊन उठतेस. चपटं बसलं असतं तर वळ उठून भागलं असतं, पण कड लागली. मग तूच जखमेत हळद भरलीस, पदर दाबून धरलास. शेजारच्या काकूंना मी सांगितलं, पायरीवरून पडलो. तू जाईपर्यंत आपल्या घरात तेच खरं राहिलं.

त्या धाकट्याला जे विचारलं ते तुला कधी विचारलं नाही. उत्तर मला ठाऊक होतं, उलथनं उगारलंस तेव्हा मी तुझ्या डोळ्यांकडेच बघत होतो. हा कागद सकाळी बंबात जाईल. पण उद्या मला कुणी पिंजऱ्यात उभं करून शपथेवर विचारलं, तरी मी पायरीवरून पडलो, असंच सांगेन.