घंटावाली मेंढी आन् मी

सोमवार, पौष, १९९८. दिवेलागण

मी बोलते, सूनबाई सुनीता लिहितीय. तिला नको वाटंल तेही लिहायला लावणार हाय.

माझ्या लेकानं, दत्तूनं, अंगणात पत्रे ठोकून केलेली नाव आज पहिल्यांदा भीमेत सोडली. पलीकडं दौंड तालुक्यात माझी बहीण पारू. पुलावरून जायचं तर एस्ट्या बदलत जावं लागतं, ते दोघींच्या गुडघ्यांनी कवाच सोडलं. नुसत्या काठावरून हाका मारायच्या. नाव तरली तरच भेट.

"आधी वजन बघू," म्हणत दत्तूनं म्होरकी, घंटावाली मेंढी आत चढवली.

"आत्याबाई, तिच्यामागं तुमचाच नंबर," सुनीता म्हणाली. म्हंजी मी आन् मेंढी सारखीच! लिही गं, गाळू नको.

धनगराच्या पोराला एवढं कळू नये? नाव हलली, घंटा वाजली, आन् काठावरची सगळी मेंढरं तिच्यामागं पाण्यात! आमचे हे काठी घेऊन कंबरभर पाण्यात.

पलीकडून पारू ओरडली, "अगं, जेवायला तुला एकटीला बोलावलंय!"

मेंढरं वळवली, मेंढी उतरवली, तिच्या गळ्यातली घंटा काढून घेतली, मग मी बसले. भीती वाटली का? वाटली. पण पारूचा हात हातात आला तवा लुगडं कोरडं होतं.

निघताना ती घंटा पारूच्या दारात टांगून आले. भेटावंसं वाटलं की वाजव, म्हटलं.

आत्ताच वाजली. मेंढरांनी माना वर केल्या, आन् मी पण.