डाळीत घालायची राख

आई, त्या राखेच्या पाण्यातली डाळ चवीला नेमकी कशी होती? तू जाऊनही आता कितीतरी वर्षं झाली, आणि मला हे आज विचारावंसं वाटतंय. परवा परसातला आघाडा जाळला, राख पाण्यात कालवली, वरची निवळ गाळून डाळीत घातली. कडूजहर झाली! आघाडाच होता ना तो, की तिळाची काडं? वारल्यांच्या पाड्यांवरही आता राखेऐवजी दुकानातलंच मीठ, मग विचारू कुणाला?

पोर्तुगीज जाऊन थोडीच वर्षं झाली होती, आणि सेलवासच्या शाळेत तू नवी मास्तरीण. तुझ्या वर्गातल्या, जवळच्या मसाट गावच्या एका वारली मुलीची आई दुपारी आपल्याकडे आली आणि पळसाच्या पानात बांधलेली पांढरी राख देऊन गेली. तू शाळेतून आलीस, मोरीपाशी पुडी पाहिलीस आणि खूश झालीस. आपल्या कोकणात राख म्हणजे भांडी घासायला! पितळेची भांडी अशी लखलखली की तू शेजारणीला बोलावून दाखवलीस. आठवड्यानं ती बाई पुन्हा आली. तू मागच्या दारी घासायला बसली आहेस, हात कोपरापर्यंत राखेचे, आणि ती विचारते, "बाय, डाळ कशी झाली?" तुला काही कळेना. मग तीच हळू आवाजात म्हणाली, "ही घासाची नाय. मिठाच्या जागी डाळीत टाकाची."

तुझं तोंड एवढंसं झालं. तिनं घरचं मीठ दिलं आणि आपण त्यानं खरकटी भांडी घासली. पण तू तिला बसवून घेतलंस, उरलीसुरली राख पुढे ठेवलीस आणि म्हणालीस, "मला शिकवा." तिनं टोपलीत फडकं पसरून राख दाबली, वरून पाणी सोडलं. खाली थेंब थेंब तांबूस पाणी गळायला लागलं. त्यात शिजवलेली उडदाची डाळ तुम्ही दोघी भाताबरोबर जेवलात. मी पोट दुखतंय असं सांगून न जेवताच उठले.

पुढे जन्मभर तू हे चारचौघांत सांगायचीस, "मी मिठागराच्या गावची, आणि मलाच मीठ ओळखता आलं नाही!" लोक हसायचे. तूही हसायचीस, पण तुला लाज वाटायची ते मला दिसायचं.

आई, त्या बाईनं पुडी देताना मला दारातच बजावलं होतं, "आयला सांग, डाळीत टाकाची." राख खायची या विचारानंच मला किळस आली, म्हणून पुडी मीच मोरीपाशी नेऊन ठेवली. ती पुन्हा आली तेव्हा तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि तुला काही सांगितलं नाही. हे पत्र तुला पाठवता येत नाही, याचं मला बरंच वाटतंय.